‘शेक’ सांगितलेत? पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या शेकापर्यंत काय काय करायचं

डॉक्टर कर्करोगाच्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘आरटी’ (रेडिओथेरपी, म्हणजे किरणांचे उपचार) लिहितात आणि तोंडाने सांगतात, “शेक घ्यावे लागतील.” घरच्यांना वाटतं, गरम पाण्याच्या पिशवीसारखं काहीतरी असणार. कुणी म्हणतं वीज देतात, कुणी म्हणतं करंट लावतात. म्हणून आधी हेच सांगतो. शेकात उष्णता नसते, चटका बसत नाही, किरण दिसत नाहीत आणि घेताना दुखतही नाही. एक्स-रे काढतो त्याच जातीचे, पण कितीतरी पट जोरदार किरण गाठीवर सोडले जातात आणि ते पेशींमधल्या डीएनएवर घाव घालतात. निरोगी पेशी त्या घावातून पुढच्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी सावरतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणून सगळा डोस एकदम न देता रोज थोडा थोडा, आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे देतात.

यातला ‘रोज’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. माझ्या काकांना गालाच्या आतला कर्करोग होता. ३३ शेक ठरले होते. चौदाव्या शेकानंतर तोंड सोललं, जेवण बंद झालं, त्यात कापूस वेचणी आली. “आठ दिवस घरी राहून ताकद आणू, मग परत येऊ,” असं ते म्हणाले आणि आम्हीच त्यांना गाडीत बसवून गावी नेलं. नऊ दिवस गेले. पुढे वर्षाच्या आत गाठ परत आली. त्या नऊ दिवसांमुळेच आली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण खंड पडला की उरलेल्या पेशी झपाट्याने वाढतात आणि तोंड-घशाच्या कर्करोगात वाया गेलेल्या प्रत्येक दिवसागणिक गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते, हे आम्हाला तेव्हा कुणी समजावलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. खालचं सगळं लिहितोय ते एवढ्याचसाठी की पहिला शेक सुरू झाला की शेवटच्या शेकापर्यंत घरी जायची वेळ येऊ नये. त्याची तयारी आधीच करावी लागते.

पहिली पायरी: कागद गोळा करा

मोठ्या रुग्णालयाची गाडी धरण्याआधी एक पिशवी फक्त कागदांसाठी ठेवा. तुकडा तपासणीचा म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि त्याची सीडी. नुसत्या फिल्म पुरत नाहीत.

आणि बहुतेक लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे बायोप्सीचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या गाठीचा तुकडा. तो ज्या लॅबमध्ये तपासला तिथेच ठेवलेला असतो, पण मागितला की देतात. मोठी रुग्णालयं स्वतः पुन्हा तपासल्याशिवाय उपचार ठरवत नाहीत. ब्लॉक नसेल तर परत गावी जा, लॅब गाठा, पुन्हा या, यात आठवडा जातो. ब्लॉक नेताना उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

सोबत रुग्णाचं आणि सोबत राहणाऱ्याचं आधारकार्ड, रेशनकार्ड आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय का ते घरीच बघा. सून, म्हातारी आई, नुकतंच लग्न झालेली मुलगी यांची नावं रेशनकार्डावर नसण्याचं प्रमाण फार आहे. तहसीलमध्ये नाव चढवायला वेळ लागतो, तेव्हा ते काम बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघतानाच सुरू करा.

दुसरी पायरी: कुठे घ्यायचे

गावाकडे एकच नाव माहीत असतं, परळचं टाटा. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय आज अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे आणि त्याचं दुसरं मोठं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तिथले डॉक्टर नामवंत आहेत यात वाद नाही. पण देशभरातून माणसं येतात, त्यामुळे शेकासाठी नंबर लागायला वेळ जातो. म्हणून माझा सल्ला असा, आणि तो अनेक डॉक्टरही देतात: निदान अवघड असेल, ऑपरेशन गुंतागुंतीचं असेल किंवा दुसरं मत हवं असेल तर टाटाला जरूर जा, तिथे सर्जन, शेकाचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. पण शेक मात्र घराजवळ मिळत असतील तर तिथे घ्या. “आमच्या जिल्ह्याजवळ कुठे घेता येतील?” असं टाटामध्येच विचारा, ते चिठ्ठी देतात. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड ही कर्करोग केंद्रांची साखळी सुरू झाली आणि देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं तिच्यात आहेत. उपचारांची ठरलेली पद्धत सगळीकडे सारखी असावी हाच तिचा हेतू आहे.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्याबाहेरही शेकाची सोय आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, वर्ध्याजवळ सेवाग्राम, मिरज, लोणी. तरीही गडचिरोली किंवा नंदुरबारच्या माणसाला हे सगळं लांबच आहे आणि ही गोष्ट मला फार बोचते.

केंद्र निवडताना चार प्रश्न विचारा. आजपासून पहिल्या शेकापर्यंत किती दिवस लागतील? आमच्या सरकारी आरोग्य योजनेत तुमचं रुग्णालय बसतं का? यंत्र बंद पडलं तर काय करता? आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल तर ‘आतला शेक’ तुमच्याकडेच होतो का? शेवटच्या प्रश्नाबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

यंत्र कोबाल्टचं की लिनॅक, यावरून नातेवाईक हमखास घाबरतात. कोबाल्टच्या यंत्रात किरणोत्सारी कोबाल्ट-६० असतो, लिनॅक विजेवर किरण तयार करतं. कोबाल्ट जुनं तंत्र आहे, पण वाईट नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचंच यंत्र आहे, ते कमी खर्चात चालतं आणि विजेचा लपंडाव असलेल्या भागातही तग धरतं. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या दुखण्यासाठी आणि इतर अनेक ठिकाणी त्याने उत्तम काम होतं. तोंड-घशाच्या कर्करोगात मात्र लाळेच्या ग्रंथी वाचवणारी आयएमआरटी ही पद्धत मिळत असेल तर ती घ्यावी, नाहीतर पुढे आयुष्यभर तोंड कोरडं राहायचा धोका वाढतो. आयएमआरटी लिनॅकवर होते. बाकी ‘सगळ्यात महागडं ते सगळ्यात चांगलं’ या समजुतीपायी शेत विकू नका. तुमच्या गाठीसाठी साधी पद्धत चालेल का, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

तिसरी पायरी: पैशाचं आधी, शेकाचं मग

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींत शेक बसतात. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ते खुलं झालं आहे, तेव्हा ‘आमचं कार्ड चालणार नाही’ असं स्वतःच ठरवून परत फिरू नका. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा टेबल असतो. डॉक्टरांना भेटल्यावर पहिलं त्याच टेबलाकडे जा.

योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरले आणि नंतर बिल दाखवून परत मागितले, असं होत नाही. मंजुरी येते, मग शेक सुरू होतो. “आज सुरू करून टाकू, कागद नंतर बघू,” असं म्हणून लाखभर रुपये गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. मंजुरी अडली किंवा योजनेतल्या उपचारासाठी कुणी वर पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा, आयुष्मानसाठी १४५५५.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही इथेच भरून मिळतो.

प्रवासाचं कमी लोकांना माहीत असतं. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाने सही-शिक्का मारून दिलेला रेल्वेचा फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे.

चौथी पायरी: राहायची जागा

सहा-सात आठवडे रोज येऊन-जाऊन होत नाही, हे पहिल्या दिवशी मान्य करा. रोज चार तास एसटीत बसून येणारा रुग्ण तिसऱ्या आठवड्यात खचतो. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला टाटाचंच बोर्जेस होम आहे आणि कर्करोगाच्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची घरं आहेत. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाची चिठ्ठी लागते, तेव्हा समाजसेवकाकडे नाव आधी नोंदवा. इतर शहरांत सिस्टरना, वॉर्डातल्या मामा-मावशींना विचारा, कुठला मठ, कुठली खोली हे त्यांना माहीत असतं.

घरी शेताचं, जनावरांचं, लेकरांच्या शाळेचं कोण बघणार हे शेक सुरू होण्याआधी ठरवा आणि रुग्णाच्या कानावर घाला. बाईमाणूस रुग्ण असेल तर हे दुप्पट खरं. घरचं चूलपाणी अडलंय हे कळलं की ती स्वतःच शेक सोडून निघते.

पाचवी पायरी: शेकाआधीची कामं

तोंड, घसा, जबडा यांना शेक बसणार असेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जाणं बंधनकारक समजा. किडलेले, हलणारे दात आत्ताच काढायचे, कारण शेक घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर काढलेल्या दाताची जखम भरत नाही, हाड सडायला लागतं. दात काढल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे लागतात, तेवढे धरून चाला.

हिमोग्लोबिन कमी असेल तर ते भरून घ्या. मूल हवं असेल अशा तरुण रुग्णाने ओटीपोटाच्या शेकाआधीच डॉक्टरांना विचारावं, नंतर उशीर होतो.

तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी बंद. “आता तर झालाच ना कर्करोग, आता सोडून काय उपयोग?” असं रुग्ण म्हणतात. उपयोग आहे. शेक चालू असताना ओढलेली बिडी शेकाचा परिणाम कमी करते आणि तोंड जास्त सोलते. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी मोफत लाइन आहे.

सहावी पायरी: मास्क आणि आखणी

पहिल्या दिवशी शेक देत नाहीत, माप घेतात. तोंड-मानेच्या रुग्णासाठी गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून साचा करतात, ती थंड झाली की कडक होते. रोज तोच मास्क लावून टेबलाला जखडतात, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. गुदमरत नाही, जाळीतून श्वास येतो. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा. मग त्याच अवस्थेत सीटी काढतात, अंगावर खुणा करतात. त्या खुणा साबणाने घासू नका. फिकट झाल्या तर स्वतः पेनने ओढू नका, शेकाचं यंत्र चालवणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला सांगा.

पुढचे काही दिवस तुम्हाला बोलावणार नाहीत. त्या काळात डॉक्टर गाठ कुठवर आहे ते आखतात आणि मेडिकल फिजिसिस्ट किरण कुठून किती सोडायचे याचा हिशेब करतात. हे दिवस वाया जात नाहीत. जेवण वाढवा, दाखले आणा.

रोजचे दिवस

रोज पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यातला किरणांचा वेळ काही मिनिटांचाच. खोलीत रुग्ण एकटा असतो, पण बाहेरून कॅमेऱ्यातून दिसतो आणि बोलता येतं. कोबाल्टच्या यंत्रावर दुसऱ्या केंद्रापेक्षा जास्त किंवा कमी मिनिटं लागली तर दचकू नका. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून तेवढाच डोस द्यायला वेळ वाढतो.

बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. धर्मशाळेत वेगळं झोपवायची गरज नाही.

आठवड्यातून एक दिवस डॉक्टर तपासतात. तो चुकवू नका, कारण वजन उतरून मास्क सैल झाला तर आखणी पुन्हा करावी लागते.

त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, शेवटी वाढतो आणि शेक संपल्यावरही आठ-पंधरा दिवस चढताच राहतो. मग महिना-सव्वा महिन्यात ओसरतो. हा क्रम आधी माहीत असला की ‘शेक मानवत नाहीत’ असा निष्कर्ष कुणी काढत नाही.

कातडी काळवंडते. तिथे हळद, तेल, बाम, पावडर काही लावायचं नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम सोडून. गरम शेक तर मुळीच नाही. सैल सुती कपडे घाला, त्या भागावर वस्तरा फिरवू नका, उन्हात जाताना सुती पंचा घ्या.

तोंडासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून सहा-आठ वेळा गुळण्या करा. तिखट, लोणचं, आंबट फळं बंद. तांदळाची पेज तूप घालून, मऊ वरणभात, नाचणीची खीर, अंडं, दूध, पनीर, शेंगदाण्याचं कूट घालून केलेलं पातळसर काहीतरी. उपवास पूर्ण थांबवा, एकादशीचासुद्धा. तोंड उघडण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करा, नाहीतर जबडा आखडतो. गिळता येत नसेल तर नाकातली नळी घालू द्या. नळीला घाबरून शेक सोडणारे फार आहेत. ती काही आठवड्यांत निघते. माझ्या काकांनी नळीला नकार दिला होता.

ओटीपोटाच्या शेकासाठी बहुतेक केंद्रं लघवी करून मग ठराविक पाणी पिऊन थांबायला सांगतात, म्हणजे मूत्राशय भरून आतडी वर सरकतात. हे रोज सारखंच करायचं. जुलाब लागले तर ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी सांगा.

गर्भाशयमुखाचा कर्करोग: आतला शेक सोडू नका

ही गोष्ट वेगळी लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त बायका मागे पडतात. यात साधारण २५ बाहेरचे शेक असतात, सोबत आठवड्याला एक केमो, आणि मग तीन-चार वेळा ‘आतला शेक’ म्हणजे ब्रॅकीथेरपी. त्यात भूल किंवा गुंगी देऊन गर्भाशयात नळी ठेवतात आणि किरणांचा इवलासा स्रोत गाठीच्या अगदी जवळ नेऊन परत काढतात. बाहेरचे शेक संपले की रक्तस्राव थांबलेला असतो, बाईला बरं वाटतं आणि ‘आता कशाला’ म्हणून ती घरी जाते. पण गाठ मुळापासून जाण्यासाठी लागणारा मोठा डोस या आतल्या शेकातच मिळतो. तो गाळला तर पुढचं काम अर्धवट राहतं.

बाहेरचे आणि आतले मिळून सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: आतला शेक इथेच होतो की दुसऱ्या रुग्णालयात? दुसरीकडे असेल तर तिथली तारीख आत्ताच घ्या. त्या यंत्रातला इरिडियमचा स्रोत दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो, त्या काळात काही दिवस काम थांबतं, त्याचीही चौकशी करा. नवऱ्यासोबत एकदा डॉक्टरांशी बोलून घ्या. शेकानंतर योनीमार्ग आखडू नये म्हणून काय करायचं, संबंध कधी ठेवता येतील, हे लाजेपायी न विचारल्याने बायका वर्षानुवर्षं सोसतात.

खंड पडलाच तर

यंत्र बिघडतं, सण येतात, ताप येतो. एक-दोन दिवस गेले तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. “राहिलेला शेक कसा भरून काढणार?” असं डॉक्टरांना विचारा. शनिवारी देता येतो, एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन देता येतात, दुसऱ्या यंत्रावर हलवता येतं. घरात मयत झाली आणि जावंच लागलं तर आधी डॉक्टरांना सांगून जा, शुक्रवारी शेक घेऊन रात्री निघा, सोमवारी हजर व्हा. दिवाळी त्या वर्षी धर्मशाळेत करा.

सगळ्यांनाच सहा आठवडे लागतात असं नाही. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी २५ शेक देत, आता अनेक केंद्रांत १५-१६ मध्ये तेच काम होतं. हाडात पसरलेल्या कर्करोगाचं दुखणं कमी करायला बऱ्याचदा एकच शेक पुरतो. म्हाताऱ्या माणसाला दहा दिवस मुंबईत ठेवणं शक्य नसेल तर “एका दिवसात होईल का?” असं स्पष्ट विचारा. आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या पाठीत कळा येऊन पायातलं बळ अचानक जायला लागलं, लघवी अडली, तर सोमवारची वाट बघू नका. मणक्यावर दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शेवटचा शेक झाल्यावर

गुळण्या, मऊ जेवण, व्यायाम लगेच बंद करू नका. पहिली तपासणी महिना-दीड महिन्यात असते. गाठ गेली का हे बघायचा मोठा स्कॅन बहुतेकदा तीनेक महिन्यांनी काढतात. त्याआधी काढला तर सुजेमुळे फसगत होते.

निघताना ‘रेडिएशन समरी’ मागून घ्या. शरीराच्या कोणत्या भागाला, एकूण किती ग्रे (किरणांच्या डोसाचं माप), किती शेक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या यंत्रावर, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याच जागी पुन्हा शेक द्यायची वेळ आली तर डॉक्टर पहिला हाच कागद मागतात. दोन झेरॉक्स काढा, एक फोटो मोबाइलमध्ये आणि एक मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवा. तोंडाला शेक घेतला असेल तर दहा वर्षांनीसुद्धा गावातल्या दातांच्या डॉक्टरने चिमटा हातात घ्यायच्या आधी हा कागद त्याच्या समोर ठेवा.